घागरीवरचं नाव

पेला माझ्या हातात कसा आला ते मला कळलं नाही. नात तापानं फणफणलेली, पाच वर्षांची अक्काताई, ओठांची सालपटं निघालेली. सून जयाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेऊन पेला तोंडाला लावला, पोरीनं एक घोट घेतला, घशात त्याचा आवाज झाला, आणि माझा हात पुढं गेला. मी पाठवला नाही. तो बसल्या जागेवरून गेला, पेल्यावर पालथा पडला, आणि पेला ओढून घेतला. निम्मं पाणी माझ्या लुगड्यावर. शहापुरातलं भाड्याचं घर, खाली गल्लीत हातमागांची खटखट, दिवस ऐन अकराचा, आणि मी पेला धरून उभी. जयाबाई माझ्याकडं बघत राहिली. तिनं मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. माझ्या घरात तशी छाती माझ्याशिवाय कुणाला नाही. पण ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही? अख्ख्या गावाला पाणी पाजलेल्या तुम्ही?"

मी पेला परत दिला. "थंड होतं का बघत होते," म्हटलं. खोटं बोलताना माझी जीभ अडखळत नाही, कधीच अडखळली नाही, हीच तर सगळी अडचण आहे. पोर गटगट पाणी प्याली आणि झोपली. मी खिडकीत जाऊन बसले आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत राहिले. बोटांच्या पेरांवर सुरकुत्या, अंगठ्याजवळ जुना डाग. माझाच हात. पण मघाशी पेल्यावर पडला तो माझ्या सासूचा होता. ती जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तिचा हात माझ्या खांद्यापासून खाली तसाच लोंबतो आहे, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळावं. तापाच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, पाण्यानं ताप आत जातो, असं ती म्हणायची. तिची सासूही म्हणायची, सगळा मुलूख म्हणायचा. सन अठराच्या नवरात्रात मानमोडीची साथ आली तेव्हा घरोघरी माणसं पाण्यावाचून तडफडली आणि बाजूला भरलेल्या घागरी होत्या. जोतिबानं, माझ्या मुलानं, एकदा छापील कागदातनं वाचून दाखवलं होतं की त्या साली देशात कोटीनं माणूस मेला. कोटी म्हणजे किती ते मला समजत नाही. आमच्या गावात एकोणसत्तर मेले, ते समजतं. माझ्या घरातली एक मेली. शालू, सहा वर्षांची.

शालूनं पाणी मागितलं तेव्हा मी तिच्या उशाशी होते. सासू दारात होती. मला आठवतो तो शालूचा आवाज नाही, आवाज मी केव्हाच पुसून टाकला. आठवतं ते तिच्या जिभेचं टोक. ते बाहेर येऊन वरच्या ओठावर फिरायचं आणि कोरडंच आत जायचं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. दुसऱ्या कुणाला तरी सांगता येईल की सासूचा धाक होता. पण मी सासूला भिणारी नव्हते. लग्नाच्या वर्षातच मी तिच्याशी तोंडाला तोंड दिलेलं आहे. मी भ्याले नाही, मी विश्वास ठेवला. त्याचा राग जास्त येतो. मागच्या पडवीत नागू भांडी घाशीत होती. ती विधवा बाई, माझ्याहून दहा वर्षांनी थोरली, आमच्या घरी सकाळ-दुपार राबायची. भांड्यावर राखेचा हात फिरल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला, मग परत आला. दुपारी शालू गेली. आणि त्याच दुपारी मोठी तांब्याची घागर घरातून गेली, आणि नागूही गेली.

त्या घागरीवर नाव होतं. मला अक्षरं आली ती घागरीवरूनच. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. दारावर भांड्यांवर नाव घालणारा यायचा, छिन्नीनं टिक टिक करत ठिपक्या ठिपक्यांनी अक्षर काढायचा, आणि मी ती बोटानं चाचपून शिकले. परशराम मष्णू. माझ्या नवऱ्याचं नाव, त्याच्यापुढं त्याच्या बापाचं. तेवढीच अक्षरं मला येतात, आणि आमच्या गावात बहुतेकांना तेवढीच येतात, आपापल्या आणि शेजाऱ्याच्या भांड्यांवरची. जेवणावळीत भांडी मिसळतात म्हणून नाव असतं. ज्याचं नाव, त्याचं भांडं. ज्याचं भांडं, त्याचा मान. याच्यापुढं आमच्याकडं कुणी विचार करत नाही, मीही केला नव्हता. पोरीला माती देऊन आल्यावर सासूनं घागर नाही म्हणून आरडाओरडा केला आणि मी उंबऱ्यात उभी राहून, अंगातलं सगळं दुःख दातांत धरून, म्हटलं, "नागीनं चोरली. मढं घरात असताना चोरली." तीन दिवसांनी ती मागच्या दारी आली, नुसतीच, घागर नव्हती. मी तिला आत घेतलं नाही. तोंडात येईल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "झालं बोलून? मग जाते. कामं हायत." मला वाटलं, चोराला कामं.

कामं कसली ते मला पंधरा दिवसांनी कळलं. घागर सकाळी पायरीवर होती, एका बाजूला चेपलेली, गळ्याला सुतळी बांधलेली. आणि त्याच दिवशी गावातली उठती माणसं, भिंतीला धरून चालणारी, आमच्या दारात आली. गावकर आण्णाप्पा पुढं होता, गावाची देवाची कामं तोच बघतो. म्हणाला, "मालुबाई, तुझी लेक पाण्यावाचून गेली आणि तू गावाला पाणी पाजलंस. मोलकरीण पाठवलीस घरोघरी. तुझी घागर आम्ही बघितली, नाव वाचलं." ते सगळे तापात होते, डोळ्यांपुढं त्यांच्या काय आलं असेल? एक बाई, तोंडावर पदर बांधलेली. तिला कोण बघतो? डोळ्यांजवळ आलेली घागर, आणि तिच्यावरची ठिपक्यांची ओळखीची अक्षरं. ज्यांनी नागूला ओळखलं त्यांनाही ती परशरामाच्या घरचीच वाटली, मालकिणीनं पाठवलेली. मी तोंड उघडलं. सासूनं माझ्या दंडावर हात ठेवला. तोच हात. आणि मी तोंड मिटलं. नवरा तेव्हा लोंढ्याला लाकडाच्या कामावर होता, परत आला तोवर गोष्ट पक्की झाली होती. त्यालाही मी सांगितलं नाही. तो दहा वर्षं ताठ चालला आणि तसाच गेला.

नागू तोवर गाव सोडून निपाणीला गेली होती. गावानं त्या मंगळवारपासून वार धरला. नवरात्रातला पहिला मंगळवार, घागर गल्लीत पहिल्यांदा दिसली तो. त्या दिवशी कुणी औत जुंपत नाही, दळत नाही, चूल पेटवत नाही. उंबऱ्याउंबऱ्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवतात, तहानेनं गेलेल्यांसाठी. आणि आमची घागर आडावरून वेशीत नेतात, सगळे ओंजळभर पितात, तेव्हा दिवस सुटतो. दोन गडी घागर उचलतात, मी हात लावते. तो माझा मान. एकोणीस वर्षं लावला. बायका पाया पडतात, म्हणतात लेकीचं सोनं केलंस. सासू मेली, तेव्हा सांगायला हवं होतं. नवरा मेला, तेव्हाही. पण खरी गोष्ट अशी की मला ते सोडवेना. मानाचं नाही म्हणत, मान मी कुठूनही मिळवीन. पण गावाच्या त्या गोष्टीत शालू कशासाठी तरी मेली होती. माझ्या गोष्टीत ती नुसतीच मेली होती. मग मी गावाची गोष्ट अंगावर घेतली, चोळी अंगाला बसते तशी बसली, आणि आज एका पेल्यानं तिची शिवण उसवली.

रविवार असूनही जोतिबा कचेरीत गेला होता, तो संध्याकाळी आला. शालूच्या पाठोपाठ चार वर्षांच्या त्यालाही ताप आला होता तेव्हा. त्याला मी सासूच्या देखत पाणी दिलं, तांब्यावर तांब्या. तो वाचला. शालूच्या मरणावर शिकलेलं शहाणपण त्याच्या घशात गेलं, हे त्याला ठाऊक नाही. मी त्याला सगळं सांगितलं, एका दमात, तो टोपी काढत असतानाच. तो टोपी हातात धरून बसला. "आई, परवा वार हाय," म्हणाला. "या साली वीस वर्षं झाली म्हणून गाव तुला शालजोडी देणार हाय. मी हो म्हटलंय."

"तर मग कुणाला द्यायची ते मी सांगीन."

"घराची काय राहील? माझ्या आप्पाचं नाव हाय घागरीवर."

"नाव हाय म्हणूनच तर झालं हे."

"पोरीनं पाणी प्यालं, ताप उतरला. कुणी काय इचारलं न्हाय. कशाला?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. पण मघापासून मी उजव्या हातानं काही उचललं नव्हतं. जेवायचं ताट पुढं आलं तेव्हा मला भीती वाटली की हा हात पुन्हा आपल्या मनानं कुठं जाईल. तेवढंच मी त्याला म्हटलं, "जोत्या, हा हात मला परत पाहिजे." त्याला ते कळलं नाही. त्यानं टोपी खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं मी एकटी निपाणीला गेले. खिडकीतून ऊस मागं पळत होता, संकेश्वरला माणसं चढली-उतरली, एक बाई कोंबडी घेऊन माझ्या शेजारी बसली, आणि मी मनात वाक्य जुळवत होते. नागू, झालं गेलं. नाही. नागू, माझी चूक. हे तोंडात बसत नव्हतं, कधी बसवलंच नव्हतं. मी माझ्या आयुष्यात सवाष्णींच्या, गडीमाणसांच्या, सुनेच्या कितीतरी चुका काढल्या, आणि त्या काढायला मला शब्द शोधावे लागले नाहीत. आता एक आपली काढायची तर मोटार तवंदीचा घाट उतरून निपाणीच्या वेशीत आली तरी शब्द सापडेना. नागू कुठं असते ते मला वीस वर्षं ठाऊक होतं. बाजाराला जाणारी माणसं सांगायची, मी न विचारता. पारिसाअण्णांची तंबाखूची वखार.

वखारीच्या अंगणात बायका ओळीनं बसलेल्या, तंबाखूची पानं निवडत, हवेत पिवळी धूळ, प्रत्येकीच्या नाकातोंडावर फडकं. आत पाऊल टाकलं आणि मला शिंकांवर शिंका आल्या. कोपऱ्यातली एक म्हातारी न बघता म्हणाली, "पदर बांधा तोंडाला, मालकीणबाई. हितं घरंदाज नाक चालत न्हाय."

"वळखलंस मला?"

"वळखलं की. चोराला मालकीण वळखायला किती येळ? मालकिणीला चोर वळखायला वीस वर्सं लागली, एवढंच."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी तिच्यासमोर तंबाखूच्या धुळीत खाली बसले. नव्या लुगड्यानिशी. "उद्या वार हाय," म्हटलं. "चल माझ्यासंगं. गावात सांगायचं हाय."

"काय?"

"खरं."

"आत्ता? मी काय अर्ज केलता?"

मग जुळवलेलं सगळं विसरून मी तिला पेल्याचं सांगितलं. हात कसा गेला, पाणी कसं सांडलं, सून काय म्हणाली. नागूचे हात पानांवर चालत होते ते थांबले. भांडी घासताना थांबले होते तसेच. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी उठले न्हाय गं."

"कवा?"

"शालू मागत हुती तवा. मला ऐकू येत हुतं. हातात राख हुती. म्हटलं, मोलकरणीनं मधी कशाला पडावं. घासत बसले. पोर गेली तवा उठले." तिनं एक पान झटकलं. "मग घागर उचलली. पुण्य-बिण्य काय न्हाय त्यात. बसवंना, म्हणून हिंडले. तुला वाटतं तू एकटीच बसलीवतीस."

वीस वर्षं मी त्या उशाशी एकटी होते. आणि पडवीत, भिंतीच्या पलीकडं, ही होती. मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात शिंक आली. शिंकेनं अब्रू राखली.

"येते," नागू म्हणाली. "पन एक. घागर मी उचलणार न्हाय. कंबर गेलीया. परत पानी वाहायला लावायला मला नेऊ नको."

"दोन गडी असत्यात."

"गडी न्हाय. तू."

मंगळवारी आमच्या आडावर सगळा गाव होता. चुली थंड, धूर नाही, म्हणून आभाळ जरा जास्तच स्वच्छ वाटत होतं. आण्णाप्पा आता पार वाकला आहे. त्याच्या हातात शालजोडी. नागूला बघून बायका कुजबुजल्या. मी आडाच्या कट्ट्यावर चढले. बोलायला मला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं, बायकांनी बोलायचा रिवाजही नाही, पण माझ्यापुढं रिवाज काढायला कोण येतो? मी म्हटलं, "घागर मी पाठवली न्हाय. नागूनं नेली. मी तिला चोर म्हटलं आन हाकललं. माझी लेक पानी मागत मेली, मी उशाशी बसून दिलं न्हाय. तुम्ही वीस वर्सं माझ्या पाया पडला, मी पडू दिलं. लाज वाटायची. गोडबी लागायचं. आता न्हाय लागत."

आडातल्या पाण्यात एक खडा पडल्याचा आवाज आला. जोतिबा आंब्याखाली उभा होता, मान दुसरीकडं वळवून. मला वाटलं होतं की पायाखालची जमीन जाईल, तसं काही झालं नाही. कट्ट्याचा दगड गार होता आणि मी त्याच्यावर भक्कम उभी होते. मग आण्णाप्पा हळूच म्हणाला, "नागू, मला पानी पाजताना तू शिवी दिलतीस. मला वाटलं, मालुबाईचा निरोप."

"शिवी माझी हुती," नागू म्हणाली. "तोंड उघडीत न्हवतास. आठ दिस तुला शिव्या देऊन जगवला."

कुणीतरी हसलं, आणि हसू गर्दीतून फिरत गेलं, एका घरातून दुसऱ्या घरात विस्तव जातो तसं. एका बाईनं पुढं येऊन नागूचे पाय धरले, मग दुसरीनं, नागू त्यांच्यावर खेकसत होती, "सोड, पडंन मी." आण्णाप्पानं शालजोडी तिच्या खांद्यावर घातली. ती म्हणाली, "हिच्यात तंबाखू बांधीन." आणि जोतिबा आंब्याखालून आला, कोट काढून कट्ट्यावर ठेवला, आणि रहाटाचा दोर हातात घेतला. कचेरीतला हात, दोन खेपांत सोललेला मी पाहिला. त्यानं घागर भरली आणि माझ्याकडं न बघता माझ्यापुढं ठेवली.

मी वाकून उजव्या हातानं तिला कवेत घेतलं आणि कमरेवर घेतलं. इतकी जड असेल हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मी तिला नुसता हात लावला होता. चेपलेली बाजू बरोबर कमरेत बसत होती. पंधरा दिवसांत ती नागूच्या कमरेनं तशी केली असेल. गाव वेशीकडं वळला. नागू उलटी, गल्लीकडं निघाली.

"नागू, वेशीत," आण्णाप्पा म्हणाला.

"वेशीत कोन मेलतं? मेले घरात."

ती पहिल्या दारासमोर थांबली आणि म्हणाली, "यल्लाप्पा. त्याची बायको. पाळण्यातलं." उंबऱ्यावरच्या तांब्याशेजारी मी घागर कलती करून पाण्याची धार धरली. पुढचं दार. "म्हातारी जिवंत हुती, दोन दिस पानी प्याली, मग गेली. तिची धाकटी सून, मी पोचायच्या आदी." पुढचं दार. तिला सगळी येत होती. आम्ही वीस वर्षं पाणी प्यालो, वार पाळला, चुली थंड ठेवल्या, पण एकोणसत्तर हा आकडा सोडला तर मेलेल्यांची नावं एकत्र कुणी घेतली नव्हती. ती एका तंबाखू निवडणाऱ्या बाईच्या डोक्यात दारांच्या ओळीनं राहिली होती. नाव आलं की घरातली माणसं तेच नाव परत म्हणत, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. पोरं विचारत होती हे कोण, आणि आया सांगत होत्या. माझ्या मानेवर घाम उतरला, लुगडं एका अंगानं भिजलं. एक सून पुढं आली, "आत्याबाई, द्या हिकडं." मी म्हटलं, "हात लावू नगंस."

आमचं घर आलं. कुलूप होतं, पण उंबऱ्यावर कुणीतरी तांब्या भरून ठेवला होता. नागू थांबली आणि बाजूला झाली. नाव तिनं घेतलं नाही. सगळा गाव मागं उभा होता आणि मला कळलं की हे तिनं माझ्यासाठी ठेवलं आहे. मी म्हटलं, "शालू." आवाज घोगरा आला, म्हणून परत म्हटलं, "शालू, सहा वर्सांची. पानी मागत हुती." मागून गावानं म्हटलं, शालू. उजव्या हातानं मी घागर कलती केली. धार सरळ पडली, जाड, आणि मी ती लवकर थांबवली नाही.

नागूनं आत डोकावून बघितलं नाही, डोळे पुसले नाहीत. "चल," म्हणाली. "अजून लई हायत." उरलेल्या गल्ल्या झाल्या तेव्हा घागर अर्ध्यावर आली होती. शेवटच्या घरापाशी गावाची वस्ती संपते; पुढं ओढा आणि ओढ्यापलीकडं गावकुसाबाहेरची घरं. तिथून घागर फिरून आली होती म्हणून माझ्या सासूनं ती विस्तवावर धरून शुद्ध केली होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. वार तिकडं कधी गेला नव्हता. लोक ओढ्याच्या अलीकडं थांबले. नागू पाण्यात उतरली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन, आणि पलीकडच्या काठावरून वळून म्हणाली, "तिकडं मेलेली अकरा हायत."

मी घागर कमरेवर नीट घेतली आणि ओढ्यात पाय घातला. पाणी गार होतं, दगड निसरडे, आणि मी घाई केली नाही. मागं वळून बघितलं नाही. अर्ध्या ओढ्यात असताना पाठीमागं पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा, मग इतके की मोजता येईनात.